नवख्यांच्या वाट्याचा पैसा

भारतातल्या एचआयव्हीचा इतिहास १९८६ साली मद्रासला सुरू होतो, याबद्दल आता कोणी वाद घालत नाही. मात्र त्या सुरुवातीकडे पाहण्याची आपली रीत जरा भाबडी आहे. विषाणू सापडला, सरकार हादरले, मोहीम सुरू झाली, एवढ्यावर आपण ते प्रकरण आटोपतो. विषाणू शोधणारी व्यक्ती कोण होती आणि तिच्या हाताशी काय होते, हे नीट पाहिले तर पुढच्या चाळीस वर्षांचा एक वेगळाच धागा हाती लागतो. सेल्लप्पन निर्मला तेव्हा बत्तीस वर्षांच्या होत्या, मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. करत होत्या, छोट्या गावातून आलेल्या, पदरात दोन लहान मुले. एम.डी.ला प्रबंध द्यावा लागतो म्हणून त्यांना विषय हवा होता. तो सुचवला त्यांच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला व्यापारानिमित्त स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. वडिलांच्या नावाने त्यांनी १९९३ मध्ये काढलेले वाय. आर. गायतोंडे केंद्र पुढे एचआयव्हीवरच्या उपचारांचे आणि संशोधनाचे देशातले मोठे ठाणे झाले. १९८५च्या अखेरीस मात्र या दोघींकडे ना प्रकल्प होता ना अनुदान. पुण्या-मुंबईकडचे शेकडो नमुने तपासून झाले होते आणि त्यांत काही सापडले नव्हते. हा पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा रोग, आपल्याकडे येणार नाही, असा वर्तमानपत्रांचा सूर होता. निर्मलाबाईंनी सुधारगृहांत ठेवलेल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांचे ऐंशीवर रक्तनमुने तीन महिन्यांत गोळा केले. हातात मोजे नव्हते. बसचे पैसे वाचावेत म्हणून नवरा स्कूटरवरून सोडून येई. वेगळा केलेला रक्तद्रव घरच्या फ्रिजमध्ये राहिला. एलायझा तपासणीची सोय मद्रासला नव्हती, म्हणून फेब्रुवारी १९८६ मध्ये नवरा-बायको रात्रीच्या गाडीने काटपाडीला उतरले आणि नमुने घेऊन वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब जॉन यांच्या प्रयोगशाळेत पोचले. सहा नमुने पॉझिटिव्ह निघाले. मे महिन्यात तमिळनाडूच्या आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत ही गोष्ट सांगितली. निर्मलाबाईंनी मार्च १९८७ मध्ये प्रबंध सादर केला, परीक्षा दिली आणि मद्रासच्याच किंग इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी धरली. देशातल्या साथीचा पहिला पुरावा हा असा, परीक्षेच्या सक्तीपोटी आणि घरखर्चातून उभा राहिलेला.

या हकिगतीतून जिद्दीची गोष्ट काढण्याचा मोह होतो, आणि बहुतेक लिहिणाऱ्यांनी तीच काढली आहे. मला ती पुरेशी वाटत नाही. जिद्द होतीच, पण त्याहून महत्त्वाचे हे की ज्यांच्याकडे साधने होती त्यांनी प्रश्न मिटल्याचे गृहीत धरले होते आणि जिच्याकडे काहीच नव्हते तिच्यासाठी तो प्रश्न अजून उघडा होता. नवख्या माणसाला जुन्या निष्कर्षांचे ओझे नसते. गमावण्यासारखी प्रतिष्ठाही नसते. एचआयव्हीच्या जागतिक इतिहासातही हे वारंवार दिसते. लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद ५ जून १९८१ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा ती लिहिणारे मायकेल गॉटलीब ३३ वर्षांचे सहायक प्राध्यापक होते. १९८३ मध्ये पॅरिसला विषाणू वेगळा काढणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनुसी पस्तिशीतल्या होत्या. फरक एवढाच की त्या दोघांच्या पाठीशी उभी संस्था होती, पगार होता, प्रयोगशाळा होती. निर्मलाबाईंच्या पाठीशी एक प्राध्यापिका आणि एक नवरा होता. माझे म्हणणे असे की, एखाद्या प्रदेशातल्या साथीबद्दल आपल्याला काय कळते, हे त्या प्रदेशात नव्या संशोधकाच्या हातात पहिला पैसा पडतो की नाही यावर ठरते. महाराष्ट्रात हा पैसा पुण्या-मुंबईला पडला आणि त्याचे चीज झाले. नांदेड-लातूरकडे, हदगावसारख्या तालुक्याकडे तो जवळजवळ वळलाच नाही, आणि म्हणून तिथल्या साथीचे ज्ञान कायम उसने राहिले.

पुण्याची बाजू आधी सांगायला हवी, कारण ती खरोखर मोठी आहे. १९९२ साली जागतिक बँकेच्या ८ कोटी ४० लाख डॉलरच्या कर्जावर राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला, राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नाको, स्थापन झाली. तो पैसा मुख्यतः रक्तपेढ्या सुरक्षित करणे, प्रचार, लैंगिक आजारांचे उपचार आणि पाहणी यांच्यासाठी होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था काढली. लसीच्या चाचण्यांची पूर्वतयारी म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचा, एनआयएचचा, निधी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या भागीदारीतून पुण्याला आला. शहरातल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या माणसांना विचारून, तपासून, पुन्हापुन्हा बोलावून माहिती गोळा करण्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले. हे काम करणारे संजय मेहेंदळे, रमण गंगाखेडकर, अरुण रिसबूड हे पुढे फार मोठे झाले. गंगाखेडकर तर २०२० मध्ये कोरोनाच्या पत्रकार परिषदांमुळे घराघरांत पोचले. पण १९९३ मध्ये एचआयव्हीच्या विषयात तेही नवखेच होते, कारण देशात या विषयात कोणीच जुने नव्हते. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलात त्यांच्या गटाचा लेख आला: तपासलेल्या २८०० रुग्णांपैकी २३.४ टक्के बाधित. ज्या शहराकडचे नमुने दहा वर्षांपूर्वी कोरे निघाले होते त्याच शहरातला हा आकडा. त्याहून जास्त हादरवणारा लेख १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलात आला. मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात ९१६ बायका या अभ्यासात आल्या होत्या. त्यांतल्या ५२५ वेश्याव्यवसायातल्या, ३९१ त्याबाहेरच्या. पहिल्या गटात ४९.९ टक्के बाधित निघाल्या, यात आश्चर्य नव्हते. दुसऱ्या गटात १३.६ टक्के निघाल्या, आणि यांतल्या बहुतेकींचा शरीरसंबंध फक्त आपल्या नवऱ्याशी होता. ‘जोखमीचे वर्तन’ या शब्दांभोवती बेतलेल्या तेव्हाच्या सगळ्या प्रचाराला या बायकांसाठी काही म्हणायचे उरले नाही. त्यांचे जोखमीचे वर्तन म्हणजे लग्न.

इथे पैशाची रचना कशी होती ते पाहण्यासारखे आहे. एनआयएचच्या फोगर्टी केंद्राने १९८८ मध्ये एड्ससाठी आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम काढला होता. त्यात गरीब देशांतल्या तरुण डॉक्टरांना अमेरिकी विद्यापीठात आणून साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र, प्रयोगशाळेची तंत्रे शिकवायची आणि परत पाठवायचे, अशी कल्पना होती. परत गेल्यावर त्यांच्यासाठी संशोधनाची जागा तयार असावी लागते. पुण्यात ती होती. बी. जे. मेडिकल कॉलेजात नंतर असेच झाले. तिथल्या डॉक्टरांनी ससून रुग्णालयात केलेल्या कामाचा वाटा, आईकडून लागण होऊ नये म्हणून बाळाला सहा आठवडे नेव्हिरापिन देण्याच्या तीन देशांतल्या चाचणीत होता आणि तिचे निष्कर्ष २००८ मध्ये लॅन्सेटमध्ये आले. उपचार घेणाऱ्या माणसाकडून जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण ९६ टक्क्यांनी घटते, हे २०११ मध्ये ज्या चाचणीने दाखवले ती ९ देशांतल्या १७६३ जोडप्यांवर झाली होती आणि तिच्या दोन भारतीय केंद्रांपैकी एक पुण्याचे होते, दुसरे सुनीतीबाईंचे. जगभरच्या उपचारधोरणाला ज्याने दिशा दिली, त्या पुराव्यातला काही भाग भोसरीतून गेलेला आहे. पुण्यातली गुंतवणूक वाया गेली असे म्हणणाऱ्या माणसाने हा इतिहास वाचलेला नाही.

आता हदगावकडे वळू. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेड, अर्धापूर करत जो रस्ता उमरखेड, यवतमाळ, वर्धा गाठून नागपूरकडे जातो, त्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागतो. तालुका शेतीचा, कापूस-सोयाबीन-हळदीचा. पाणी कमी पडले की मराठवाड्यातला माणूस हैदराबाद, पुणे, मुंबई धरतो. बालाघाटाच्या बाजूचा ऊसतोडीला जातो. महामार्गाच्या ट्रकांची रहदारी, हंगामी स्थलांतर, तेलंगणाच्या सीमेवरची ये-जा: साथरोगशास्त्राच्या पुस्तकात ज्या परिस्थितीला अभ्यासयोग्य म्हणतात ती सगळी इथे हजर होती. २००७ मध्ये कार्यक्रमाचा तिसरा टप्पा सुरू होताना नाकोने जिल्ह्यांची वर्गवारी केली, तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे सर्वांत वरच्या, ‘अ’ गटात होते. म्हणजे साथ आहे हे मान्य होते. पण ती इथे कशी आहे? पुण्याचा १३.६ टक्क्यांचा आकडा मराठवाड्यातल्या प्रशिक्षणवर्गांत जसाच्या तसा सांगण्यासारखा नव्हता, कारण तो लैंगिक आजारांच्या दवाखान्यात आलेल्या शहरी बायकांचा होता. तालुक्याच्या गावी बाई असल्या दवाखान्यात जात नाही. ती बाळंतपणाला जाते, लेकराच्या तापाला जाते, नवऱ्याच्या खोकल्यासाठी जाते, आणि एचआयव्हीची गाठ तिला तिथेच पडते. नवऱ्याने मुंबईहून काय आणले हे तिला त्याच्या मरणाआधी काही महिने कळते. मग सासर तिला ठेवते का, जमिनीत नाव लागते का, माहेरी परतलेली बाई गोळ्यांसाठी नांदेडच्या एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रात नियमित येऊ शकते का, हे इथले संशोधनाचे प्रश्न होते. ते पुण्याच्या प्रश्नावलीत नव्हते, आणि तिथे असायलाच हवे होते असेही नाही. प्रश्नावली जिथे लिहिली जाते तिथल्या माणसांना जे दिसते तेच तिच्यात येते.

इथे कोणी म्हणेल की पाहणी होती ना. होती. १९९८ पासून दरवर्षी ठरावीक दवाखान्यांतल्या गरोदर बायकांचे नमुने निनावी तपासले जात. पुढे उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत तपासणी-समुपदेशनाची केंद्रे आली, त्यांच्या वह्या भरत गेल्या. पण पाहणी म्हणजे संशोधन नव्हे, आणि हा भेद किती महाग पडतो याचा मोठा दाखला २००७ चा आहे. तोवर भारतात सुमारे ५२ लाख बाधित असल्याचा अंदाज होता. जुलै २००७ मध्ये तो एका फटक्यात सुमारे २५ लाखांवर आला. एवढी माणसे बरी झाली नव्हती की मेली नव्हती. मोजणी चुकलेली होती. चूक दुरुस्त झाली ती दोन कामांमुळे. एक म्हणजे २००५-०६ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, जिच्यात पहिल्यांदाच घरोघरी जाऊन लाखावर लोकांचे रक्त तपासले गेले. दुसरे, त्याहून लहान पण आधीचे: ललित दांडोना आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या एकट्या गुंटूर जिल्ह्यात केलेला लोकसंख्येवर आधारित अभ्यास, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला. दवाखान्यांतल्या नमुन्यांवरून काढलेला जिल्ह्याचा अंदाज प्रत्यक्षाच्या सुमारे अडीच पट निघतो, असे त्यांनी दाखवले. आजारी आणि गरीब माणसे सरकारी दवाखान्यात जास्त येतात, ही साधी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ती मोजून दाखवायला मात्र कुणाला तरी एका जिल्ह्यात शिरून बसावे लागले. दांडोना नवखे नव्हते, हे मान्य. त्यांचे उदाहरण मी देतो ते एवढ्यासाठी की, एका जिल्ह्याच्या आतून विचारलेला प्रश्न देशाचा आकडा निम्म्यावर आणू शकतो. महाराष्ट्राला त्या राष्ट्रीय पाहणीतून राज्याचा आकडा मिळाला, ०.६२ टक्के. नांदेडचा वेगळा आकडा मिळाला नाही. पाहणीचा आकारच तेवढा नव्हता. आता नाको जिल्हावार अंदाज काढते, तेही गणिती प्रारूपातून.

नवखा माणूस, थोडका पैसा आणि ग्रामीण दवाखाना एकत्र आले तर काय होते, याचे उत्तर त्याच रस्त्यावर पुढे, वर्ध्याजवळ सेवाग्रामला मिळते. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या प्रसूतिगृहात २००६ मध्ये नितिका पंत पै या बर्कलीला साथरोगशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या डॉक्टरने एक अभ्यास उभा केला. त्याला आधार होता वर सांगितलेल्या फोगर्टी प्रशिक्षणनिधीचा. प्रश्न साधा होता. गरोदरपणातल्या तपासणीतून निसटलेली बाई कळा सुरू झाल्यावर, बहुधा रात्री, दवाखान्यात येते; त्या वेळी प्रयोगशाळा बंद असते. तोंडातल्या द्रवाची झटपट तपासणी चोवीस तास प्रसूतिकक्षातच ठेवली तर? नऊ महिन्यांत १२५२ बायका आल्या, १२२२ जणींनी तपासणीला होकार दिला. त्यांतल्या १००३ जणींकडे आधीच्या एचआयव्ही तपासणीचा कागद नव्हता किंवा अपुरा होता. १५ बाधित निघाल्या. पंधरा हा आकडा जागतिक चाचण्यांच्या मानाने किरकोळ आहे. पण १००३ हा नाही. गरोदर बायकांची तपासणी होते, असे सरकारी तक्ते सांगत असताना दर सहांपैकी जवळपास पाच बायका बाळंत व्हायला येताना हातात पुरावा घेऊन येत नव्हत्या. हा अभ्यास २००८ मध्ये प्लॉस मेडिसिनमध्ये आला. तो करायला लसीच्या चाचणीचे कोट्यवधी लागले नाहीत. लागली ती एक शिकाऊ संशोधक, तिचा खर्च उचलणारी शिष्यवृत्ती, तिला आपल्या प्रसूतिकक्षात शिरू देणारी संस्था आणि रात्रपाळीला जागणारे कर्मचारी. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, अंबाजोगाईच्या ग्रामीण महाविद्यालयात, २००२ मध्ये सुरू झालेल्या लातूरच्या महाविद्यालयात यांतल्या शेवटच्या दोन गोष्टी होत्या. पहिल्या दोन नव्हत्या.

त्या नव्हत्या असे म्हणताना मी एका संस्थेवर अन्याय करतो आहे, ती म्हणजे प्रबंध. नांदेडचे महाविद्यालय १९८८ चे. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र, सामाजिक वैद्यकशास्त्र, त्वचारोग, क्षयरोग अशा विभागांत पदव्युत्तर विद्यार्थी येतात आणि प्रत्येकाला प्रबंध लिहावाच लागतो. भारतात नव्या वैद्यकीय संशोधकाला मिळणारी सर्वांत व्यापक संधी हीच आहे, आणि ती जवळजवळ पूर्णपणे विनाअनुदान आहे. आयसीएमआरची एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांची शिष्यवृत्ती १९७९ पासून आहे, प्रबंधाला साहाय्य देण्याची योजनाही आहे. पण त्यांचे अर्ज भरायला शिकवणारा माणूस पुण्या-मुंबईच्या कॉलेजात सहज भेटतो, मराठवाड्यात भेटत नाही. २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स सुरू झाली. तिच्या नवोदितांच्या फेलोशिप उदार आहेत, पण निवड कठीण आहे आणि पाठीशी सशक्त संस्था असलेला उमेदवार साहजिकच पुढे जातो. पैसा जिथे आहे तिथेच आणखी पैसा जातो, याला कुणाचा कट लागत नाही. परीक्षकाने प्रत्येक अर्ज प्रामाणिकपणे तपासला तरी हेच होईल. मग विद्यार्थी काय करतो? एआरटी केंद्राच्या वह्यांतून वय, लिंग, सीडी-फोर पेशींची संख्या, क्षयरोग आहे-नाही एवढे उतरवून घेतो, टक्केवारी काढतो, प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवतो.

यावर ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: असल्या प्रबंधांना पैसा देऊन काय मिळणार, त्यांचा दर्जा पाहा. दर्जा पाहिलाच पाहिजे, आणि तो पुष्कळदा वाईट असतो. पण कारण आणि परिणाम इथे उलटे मांडले जातात. वही उतरवणे हा विनापैशाचा अभ्यास आहे म्हणूनच तो केला जातो. गोळ्या सोडून गेलेल्या माणसाच्या गावी जायला जीपचे भाडे लागते, त्याच्याशी दोन तास बोलायला प्रशिक्षित समुपदेशक लागतो, नमुना पुण्याला पाठवायला शीतसाखळी लागते. निर्मलाबाईंनी हे घरखर्चातून केले, त्यामुळे ते शक्य आहे असा निष्कर्ष काढणे म्हणजे एका बाईच्या अपवादावर देशाचे धोरण उभे करणे. शिवाय त्यांच्याकडे सुनीतीबाई होत्या, वेल्लोरची प्रयोगशाळा होती. मार्गदर्शक, जवळची प्रयोगशाळा आणि थोडा पैसा यांपैकी पहिल्या दोन गोष्टी असल्या तर तिसरी कशीबशी भागवता येते. तिन्ही नसल्या तर फक्त वही उरते.

याहून गंभीर आक्षेप नीतीचा आहे, आणि त्याला मी झटकून टाकू शकत नाही. निर्मलाबाईंचे नमुने कोंडून ठेवलेल्या बायकांचे होते. त्यांची संमती आजच्या कसोटीवर टिकणार नाही. शोध लागल्यावर त्या बायकांचे भले झाले नाही. तमिळनाडूत बाधित बायकांना शिक्षा संपल्यावरही कोंडून ठेवले गेले आणि त्यांच्या सुटकेसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. गोव्यात १९८९ मध्ये रक्तदान करताना बाधित आढळलेल्या डॉमिनिक डिसूझा यांना पोलिसांनी उचलून ६४ दिवस अलग डांबले. ज्ञान आधी आले आणि हक्क फार मागून, इतके मागून की एचआयव्हीविषयीचा कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ ला लागू झाला. तेव्हा हदगावसारख्या ठिकाणी, जिथे तालुक्यात बातमी फुटायला एक चहाची टपरी पुरते, तिथे शिकाऊ संशोधक सोडणे धोक्याचे नाही का? आहे. पण नीतिसमिती, संमतीची भाषा, गुप्ततेची व्यवस्था या गोष्टीही पैशानेच येतात. आज तालुक्यात प्रशिक्षणाशिवाय आणि देखरेखीशिवाय जे प्रबंध होतात ते या कसोटीवर काही वेगळे ठरत नाहीत. भीती खरी असेल तर तिचा निष्कर्ष अनुदान अधिक द्यावे असा निघतो, कमी द्यावे असा नाही.

तिसरा आक्षेप आकड्यांचा: साथ ओसरली आहे, आता नव्या संशोधकांना या विषयात आणायचे कशाला? १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली, २०१७ पासून बाधित निघालेल्या प्रत्येकाला लगेच उपचार मिळू लागले, नव्या लागणी पुष्कळ घटल्या. तरीही देशात सुमारे २५ लाख माणसे एचआयव्हीसह जगतात आणि त्यांतली सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. साथ चढणीवर असताना मोठ्या शहरांतले मोठे अभ्यास सर्वाधिक उपयोगी पडतात, कारण प्रश्न सगळीकडे सारखा असतो. उतरणीवर ती तुकड्यातुकड्यांत उरते, गोळ्या सोडून गेलेल्या स्थलांतरितात, नांदेडला दर महिन्याला यायला दिवसाची मजुरी बुडवणाऱ्या विधवेत, लहानपणी बाधित होऊन आता लग्नाच्या वयाला आलेल्या मुलांत. लातूर जिल्ह्यात हासेगावला रवी बापटले यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या सेवालयातली मुले मोठी झाली, त्यांची लग्नेही झाली. अशा जोडप्यांच्या पन्नाशीचा अभ्यास कुठल्याच पाश्चात्त्य पुस्तकात तयार मिळणार नाही.

परदेशी पैशावर एवढे विसंबणे किती खरे, हा प्रश्न मात्र नुसता आक्षेप राहिलेला नाही. अमेरिकेत पहिले मोठे अनुदान मिळण्याचे सरासरी वय १९८० मध्ये छत्तिसाच्या आसपास होते, पुढे ते बेचाळिशीवर गेले. तिथेही नवख्यांची उपासमार जाणवली म्हणूनच एनआयएचने २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय एड्स सोसायटीसोबत, पूर्वी एचआयव्हीवर काम न केलेल्या तरुण संशोधकांसाठी वेगळा निधी काढला. तोच एनआयएच मे २०२५ मध्ये परदेशी संस्थांना अमेरिकी विद्यापीठांमार्फत दिल्या जाणाऱ्या उप-अनुदानांची जुनी पद्धत बंद करत असल्याचे जाहीर करून मोकळा झाला. पुण्याने तीस वर्षांत जो डोलारा उभा केला त्याचा एक खांब याच पद्धतीचा होता. मराठवाड्याला या धक्क्याची झळ पोचणार नाही, कारण तिथे तो पैसा आलाच नव्हता. यात समाधान मानण्याजोगे काही नाही. मात्र आता राज्याने आणि आयसीएमआरने स्वतःचा पैसा कुठे ठेवायचा हे नव्याने ठरवायचे असेल, तर मोठ्या केंद्राची गळती बुजवण्याइतकाच हिशेब नांदेडच्या एखाद्या सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या पाच लाखांचाही व्हायला हवा.

त्या पाच लाखांत विचारण्यासारखा एक प्रश्न आत्ताच समोर आहे. लेनाकापाविर हे लागण टाळणारे इंजेक्शन सहा महिन्यांतून एकदा घ्यावे लागते. २०२४ मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत ते घेणाऱ्या २१३४ स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते बनवणाऱ्या गिलियड कंपनीने ज्या सहा कंपन्यांना ते स्वस्तात बनवण्याचा परवाना दिला त्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादच्या हेटेरो आणि डॉ. रेड्डीज आहेत, म्हणजे नांदेडच्या दोन्ही बाजूंना. मराठवाड्यातल्या ऊसतोडीचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन साधारण पाच-सहा महिन्यांनी संपतो. कोयता घेऊन निघण्यापूर्वी दिलेली एक सुई परत येईपर्यंत पुरेल का? ती मुकादमाच्या नजरेआड देता येईल का, आणि नवरा-बायको जोडीने जातात तिथे ती कुणी मागायची? आफ्रिकेतल्या चाचणीने यांतले काहीही विचारलेले नाही, आणि भोसरीलाही ते सुचण्याचे विशेष कारण नाही.